ऐकणंही शिकवावं लागतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम, नमस्कार.

इंग्रजी शिकणाऱ्यांकडून संभाषण आणि श्रवणाचा सराव कसा करून घ्यावा, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ऐकणं हा शिकवण्याचा विषयच नाही, रोज इंग्रजी बातम्या लावल्या की कान आपोआप तयार होतो, असं तुम्ही म्हणता. व्याकरण पक्कं होण्याआधी बोलायला लावलं तर चुका कायमच्या बसतात, हा तुमचा दुसरा आक्षेप. आणि जोड्या पाडल्या की वर्गात गोंगाट होतो, विद्यार्थी मातृभाषेत गप्पा मारतात, त्यापेक्षा संवाद पाठ करून घेतलेले बरे, हा तिसरा. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पहिला मात्र मला अजिबात पटत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एक वाक्य घेऊ : ‘आय शुड हॅव टोल्ड हर.’ तुमच्या विद्यार्थ्यांना यातले पाचही शब्द येतात. फळ्यावर लिहिलंत तर अर्थही सांगतील. पण सहज बोलण्यात हे वाक्य कानावर येतं ते साधारण ‘आय शुडव टोल्डर’ असं. ‘हॅव’मधला ‘ह’ गळतो, ‘हर’मधलाही गळतो, त्यांचे स्वर आखूड आणि अस्पष्ट होतात आणि उरलेला आवाज आधीच्या शब्दाला चिकटतो. विद्यार्थ्याला वाटतं, ‘टोल्डर’ हा आपल्याला न येणारा एखादा शब्द असावा. तो त्याचा अर्थ शोधत बसतो आणि तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. तास संपल्यावर तो म्हणतो, “फार फास्ट बोलतात.” खरं तर वेगापेक्षा मोठी अडचण ही की शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो, हेच त्याच्या कानाला कळलेलं नाही.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची गंमत तर याहून बिकट आहे. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ जवळजवळ ‘कन’ होतो. अमेरिकी बोलण्यात नकारार्थी शब्दाच्या शेवटचा ‘ट’ अनेकदा नीट ऐकू येत नाही आणि स्वर मात्र पूर्ण, जोर देऊन उच्चारला जातो. म्हणजे ज्याला ठळक ‘कॅन’ ऐकू आलं तो समजतो की होकार मिळाला, आणि समोरच्यानं नकार दिलेला असतो. हा फरक सांगितल्याशिवाय किती जणांच्या लक्षात येईल? सांगितला आणि जोडीजोडीनं दहा वाक्यं ऐकवली, की एका तासात बऱ्याच जणांचा कान तयार होतो.

रोज बातम्या ऐकण्याला माझा विरोध नाही. पण जे तुटून शब्दांत येत नाही, ते कितीही वेळ ऐकलं तरी आवाजच राहतं. भाषा मुख्यतः ऐकण्या-वाचण्यातूनच येते, असं १९८० च्या दशकात ठासून मांडणाऱ्या स्टीफन क्रॅशन यांनीसुद्धा त्याला एक अट घातली होती. कानावर पडणारं समजलं पाहिजे, आजच्या पातळीच्या फार तर जरासंच पुढचं असलं पाहिजे. शिवाय बातम्या म्हणजे लिहिलेला मजकूर वाचून दाखवणं. त्यात कोणी अडखळत नाही, वाक्य अर्धवट सोडत नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडत नाही. संभाषणात हे सगळं होतं. बातम्या ऐकून ऐकून बातम्या समजायला लागतात, ते चांगलंच आहे, पण तेवढ्यावर गप्पांमध्ये निभाव लागेलच असं नाही.

आपण वर्गात ‘श्रवण’ म्हणून घेतो ती बहुतेक वेळा परीक्षाच असते. ध्वनिफीत लावायची, पाच प्रश्न विचारायचे, उत्तरं तपासायची. जॉन फील्ड या अभ्यासकानं यावर नेमकं बोट ठेवलं आहे : उत्तर चुकलं एवढं आपल्याला कळतं, का चुकलं ते कळत नाही. आणि बरोबर आलं तरी ते ऐकून आलं की अंदाजानं, हेही कळत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की प्रश्नोत्तरांनंतर तास संपवू नका, खरं शिकवणं तिथून पुढे आहे. जिथे बहुतेकांचं चुकलं ते एक वाक्य निवडा. तेवढंच तीन-चारदा ऐकवा आणि जे ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहायला सांगा, अर्थ लागत नसला तरी. मग वह्या बघा. कुठे तुटलं ते तिथे स्पष्ट दिसतं. कोणी ‘हॅव’ लिहिलेलंच नसतं, कोणी दोन शब्दांचा एक केलेला असतो. तेवढा भाग सावकाश म्हणून दाखवा, मग बोलण्याच्या वेगात म्हणा, विद्यार्थ्यांकडून म्हणून घ्या आणि पुन्हा मूळ फीत ऐकवा. लिखित मजकूर शेवटी जरूर द्या. तुम्ही त्याला कुबडी म्हटलंत. आधी दिला तर ती कुबडीच आहे. पण आपण काय ऐकलं आणि प्रत्यक्षात काय होतं, हे ताडून पाहायला नंतर दुसरा मार्ग नाही.

याच्या जोडीला आघात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर येतो ते, ऐकायला शिकवावं. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ मध्ये दाखवलं की इंग्रजी बोलण्यातले सुमारे ९० टक्के अर्थवाही शब्द (नाम, क्रियापद यांसारखे) जोरकस अवयवानं, म्हणजे ‘सिलॅबल’नं, सुरू होतात. ज्यांची भाषा इंग्रजी आहे त्यांचा कान तो जोर पकडून शब्द सुटे करतो. आपण देवनागरी वाचणारी माणसं प्रत्येक अक्षराला सारखा न्याय देतो आणि इंग्रजीतही तेच शोधत बसतो. जोर जिथे आला तिथे फक्त टिचकी वाजवा, बाकी काही लिहू नका, एवढा साधा सराव नवख्यांनाही जमतो.

आता चुकांबद्दल. तुमची भीती निराधार नाही. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास मांडला. तो इंग्रजीत भरपूर बोलायचा, लोकांत सहज मिसळायचा, पण त्याचं व्याकरण वर्षानुवर्षं जवळपास होतं तिथेच राहिलं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. त्या मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, तरी बोलण्यात चुका उरल्या होत्या. म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही आणि नुसतं बोलूनही भागत नाही. पण यातून ‘आधी व्याकरण पूर्ण करा, मग बोला’ हे निघत नाही. उलट स्वेन यांनी काढलेला निष्कर्ष असा की बोलायची वेळ येते तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे जाणवतं. प्रश्न चुका कशा दाखवायच्या एवढाच आहे. विद्यार्थी ‘ही गो यस्टरडे’ म्हणाला आणि आपण हळूच ‘येस, ही वेंट’ म्हणालो, तर त्याला वाटतं बाई आपल्याशी सहमत आहेत. रॉय लिस्टर आणि लैला रान्ता यांनी १९९७ मध्ये वर्गांची निरीक्षणं मांडली, त्यातही शिक्षक सर्वांत जास्त वापरत होते ही पद्धत, आणि मुलांनी स्वतःचं वाक्य सुधारण्याचं प्रमाण तिच्यात सर्वांत कमी होतं. त्यापेक्षा ‘यस्टरडे… ही?’ एवढं म्हणून थांबावं. बहुतेकदा तो स्वतःच सुधारतो.

आणि थांबावं म्हणजे खरंच थांबावं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट बघतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारे बोलतात. ते विद्यार्थी स्वतःच्या भाषेत उत्तरं देत होते. परक्या भाषेत याहून जास्त वेळ लागणार, हे उघड आहे.

पाठ केलेल्या संवादांनी जीभ वळते हे मान्य. पण त्यात समोरचा काय म्हणणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ऐकण्याची गरजच उरत नाही. आपली पाळी कधी येते एवढंच विद्यार्थी बघतो. खऱ्या बोलण्यात दोन माणसांच्या बोलण्यामधली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी असते. दहा भाषांवरच्या एका अभ्यासात २००९ मध्ये हे दिसून आलं. म्हणजे आपण ऐकता ऐकताच उत्तर जुळवत असतो. शिकणाऱ्याला ही दोन कामं एकदम जमत नाहीत, म्हणून त्याच्या हाती वेळ मिळवण्याची साधनं द्यायला हवीत. ‘वेल’, ‘लेट मी थिंक’ हे आलंच. पण सर्वांत मोलाचं म्हणजे जेवढं ऐकू आलं तेवढं परत म्हणून न कळलेल्या जागी प्रश्न ठेवणं : ‘यू मेट हिम व्हेअर?’ नुसतं ‘पार्डन’ म्हटलं की समोरचा सगळंच पुन्हा सांगतो आणि विद्यार्थी पुन्हा तिथेच अडकतो. असं नेमकं विचारलं की हवा तेवढाच तुकडा परत मिळतो.

गोंगाट आणि मातृभाषा यांची मला फारशी चिंता वाटत नाही. तयारी मातृभाषेत करू द्या, सांगणं मात्र इंग्रजीत. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग नव्या जोडीदाराला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायला लावा. ऐकणारा दर वेळी नवा असल्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगण्याला अर्थ राहतो, आणि घड्याळामुळे गप्पांना वाव उरत नाही. ऐकणाऱ्यानं शेवटी एक प्रश्न विचारायचाच, ही अट मी घालतो.

ध्वनिफीत कुठून आणायची, असं तुम्ही शेवटी विचारलंत. इंग्रजी सहज बोलणाऱ्या दोन ओळखीच्या माणसांना एखादा विषय द्या, लिहून काही देऊ नका, आणि फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. त्यातली अर्ध्या मिनिटाची, जिथे दोघंही बोलतात अशी जागा निवडा. अडखळणं, ‘अं’, अर्धी वाक्यं कापू नका. आधी स्वतः ती शब्दन् शब्द लिहून काढा. तुम्हाला जिथे मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागेल, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तासाला तीच वाक्यं घ्या.