तिकिटाचे पैसे भरण्याआधी एकदा कोर्टात जाऊन या

परवा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एका मुलीने विचारलं, "स्टॉप साइनचं तिकीट मिळालंय, काय करू?" (म्हणजे थांबण्याच्या पाटीपाशी गाडी न थांबवल्याबद्दल पोलिसांनी दिलेली दंडाची चिठ्ठी.) भराभर उत्तरं आली आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच: ऑनलाइन भरून टाक, विषय संपव. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे अमेरिकेतल्या न्यू जर्सीपुरतं आहे, दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे असतात.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे ऐकतच आपण मोठे झालो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या जमिनीच्या खटल्यांनी घरंच्या घरं धुऊन निघालेली आपण पाहिली आहेत, त्यामुळे ती भीती खोटी नाही. पण ती भीती बॅगेत घालून आपण इथे आणली आणि इथल्या गावच्या कोर्टालाही तीच लावली. इथे ती आपल्याला महागात पडते.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमधल्या एका सकाळी कामावर निघाले होते. घरापासून जवळच एक उतार आहे, तिथे ताशी २५ मैलांच्या वेगमर्यादेची पाटी आहे. मी ४१ वर होते. मागे निळे-लाल दिवे दिसले, गाडी कडेला घेतली आणि हात इतके थरथरत होते की डॅशबोर्डच्या खणातले सगळे कागद पायाशी सांडले. रजिस्ट्रेशन सापडेना. पोलीस अधिकारी शांतपणे म्हणाला, "सावकाश बघा, घाई नाही." मग तिकीट हातात ठेवलं आणि निघून गेला. मी पुढची दहा मिनिटं तिथेच बसून होते.

रात्री वेबसाइट उघडली. दंड शंभरेक डॉलर. नवरा म्हणाला, "भर आणि झोप." कार्ड हातात होतं. तेवढ्यात वाचलं की पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं आणि सुनावणीचा हक्क सोडून देणं. दंडाखेरीज लायसन्सवर पॉइंट, म्हणजे चुकीचे गुण, येतात, ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत. मर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त असाल तर २ पॉइंट, १५ ते २९ मैल जास्त असाल तर ४. मी ३९ वर असते तर दोनच आले असते. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की राज्य १५० डॉलरचा वेगळा आकार लावतं आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५ डॉलर. १२ झाले की लायसन्स निलंबित होण्याची पाळी येते. इन्शुरन्स वाढतो तो आणखी निराळा. म्हणजे त्या शंभर डॉलरमध्ये विषय संपत नाही, सुरू होतो. मी "नॉट गिल्टी", म्हणजे गुन्हा कबूल नाही, असं नोंदवलं आणि तारखेची वाट बघत बसले.

आमच्या गावचं कोर्ट म्हणजे जिथे आपण प्रॉपर्टी टॅक्स भरायला जातो त्याच इमारतीतला एक हॉल. आता बऱ्याच गावांत हे झूमवरही चालतं. मला प्रत्यक्ष बोलावलं होतं. आधी सगळ्यांना त्यांचे हक्क सांगितले, मग एकेकाला प्रॉसिक्यूटरकडे पाठवलं. म्हणजे सरकारी वकील. तोच आधी तुमच्याशी बोलतो.

माझ्या आधी एक गुजराती काका होते. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत इन्शुरन्सचं कार्ड. गाडी अडवली तेव्हा ते कार्ड सापडलं नव्हतं, म्हणून तिकीट. कोर्टाने फोनवर गुजराती दुभाषा जोडून दिला. काका प्रत्येक प्रश्नाला आधी फोनकडे बघायचे, मग जजकडे. जजने कार्डावरची तारीख नीट पाहिली, त्या दिवशी इन्शुरन्स चालू होता याची खात्री केली आणि तिकीट रद्द केलं. फक्त कोर्टाचा खर्च भरायला लावला. काकांनी कार्ड पिशवीत घातलं, पिशवीची गाठ मारली आणि जजला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. काका घरबसल्या पैसे भरून मोकळे झाले असते तर? दुभाषा मोफत मिळतो, मराठीही मागता येतो. आधी कळवायचं मात्र. आई-बाबांच्या पिढीतल्या कोणाला तिकीट मिळालं तर हे नक्की लक्षात ठेवा.

माझ्या वेळी प्रॉसिक्यूटरने माझं जुनं रेकॉर्ड बघितलं, ते कोरं होतं. त्याने "अनसेफ ड्रायव्हिंग" हे कमी गंभीर कलम देऊ केलं. पहिल्या दोन वेळांना त्यात पॉइंट नाहीत, पण दंडावर राज्याचा २५० डॉलरचा आकार आहे. माझा एकूण आकडा चारशेच्या वर गेला. जजने विचारलं, स्वखुशीने कबूल करताय का, कोणी दबाव आणला का, नेमकं काय केलंत ते सांगा. मी सांगितलं. मी खरोखरच जोरात चालले होते आणि ते मोठ्याने कबूल करताना मला हलकं वाटलं.

म्हणूनच ग्रुपवर काही जण देतात तो सल्लाही मला पटत नाही, की "पाटी झाडामागे होती असं सांग." पाटी झाडामागे असेल तर फोटो काढून न्या. नसेल तर खोटं बोलू नका. चूक केलीच नसेल तर मात्र ठाम उभे राहा. गुन्हा निःसंशय सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आहे, तुम्ही वेग मोजणाऱ्या रडारच्या तपासणीचे कागद मागू शकता. आणि अपघात झाला असेल तर कबुली देण्याआधी "सिव्हिल रिझर्व्हेशन" मागा, म्हणजे ती कबुली नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. अशा वेळी वकील घ्या, तिथे काटकसर नको.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. माझ्याकडे चारशे डॉलर होते म्हणून माझे पॉइंट टळले. माझ्या मागचा डिलिव्हरी करणारा मुलगा हप्ते मागत होता. जजने दिले, पण त्याचा चेहरा उतरलेलाच होता. या कोर्टांचे जज बहुतेक ठिकाणी मेयर आणि कौन्सिल नेमतात, आणि दंडाचा बराच पैसा गावाच्या तिजोरीत जातो. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये यावर समिती नेमली, तिने २०१८ मध्ये ४९ शिफारशी केल्या. महसुलासाठी न्याय वापरला जाऊ नये, असंच त्या समितीचं म्हणणं होतं. आपण टॅक्स भरतो, मतदार असलेले आपल्यातले कितीतरी जण आता कौन्सिलच्या निवडणुकीत मत देतात. दारात मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न आपण का विचारत नाही?

आणि हो, काहीच न करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तारीख चुकवलीत तर लायसन्स जाऊ शकतं, वॉरंटही निघू शकतं. तिकिटावर हजेरी सक्तीची म्हणून खूण असेल तर ऑनलाइन भरण्याचा प्रश्नच येत नाही, जावंच लागतं.

त्या मुलीने अजून पैसे भरलेले नाहीत. स्टॉप साइनचे २ पॉइंट असतात हे तिला माहीतच नव्हतं. तिने आता तारीख मागितली आहे. गुरुवारी संध्याकाळची मिळाली तर मी तिच्यासोबत जाऊन बसणार आहे. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, शेजारी बसायला कोणी अडवत नाही.