मेल येत नाही म्हणून फॉरमॅट कशाला?

घरच्या संगणकावर थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये मेल येईनासे झाले, की नाशिकमधल्या दुकानांतून अजूनही हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारून घ्या’, अर्थात डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. मेल अडकण्याची नेहमीची कारणे खात्यात, सेटिंगमध्ये किंवा पासवर्डात असतात. विंडोज नव्याने टाकल्याने ती जात नाहीत, जातात ते जुने मेल.

दिंडोरीला द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामांना याचा चांगलाच फटका बसला. त्यांचे खाते पीओपी पद्धतीने (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारी पद्धत) जोडलेले होते आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याच्या पर्यायापुढे टिकमार्क नव्हता, त्यामुळे निर्यातदारांशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रयोगशाळेचे अहवाल केवळ त्यांच्या हार्ड डिस्कवर होते. दुकानदाराने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो तेवढे पेन ड्राइव्हवर काढून घेतले आणि डिस्क पुसून टाकली. थंडरबर्ड मात्र आपले मेल ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, तिकडे कोणी पाहिलेच नाही. आयमॅप पद्धत असती, तर मूळ मेल सर्व्हरवर राहिले असते आणि खाते पुन्हा जोडताच दिसले असते. एवढे होऊनही मूळ अडचण कायमच होती, कारण ती पासवर्डाची होती.

ही अडचण अलीकडे फार आढळते. केवळ नाव आणि पासवर्ड घेऊन जुन्या प्रोग्रॅमना आत सोडणे गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केले. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये तसेच केले. त्यामुळे अचूक पासवर्ड टाकला तरी प्रोग्रॅम तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आणि माणूस वैतागून पासवर्ड बदलतो, म्हणजे मग फोनवरचे मेलही बंद पडतात. थंडरबर्डच्या खाते सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनची, म्हणजे ओळख पटवण्याची, पद्धत ‘ओऑथ २’ (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता थेट मेल कंपनीच्या पानावर साइन-इन) निवडली, की साइन-इनची खिडकी उघडते आणि प्रश्न मिटतो. मात्र हा बदल येणाऱ्या आणि जाणाऱ्या, अशा दोन्ही सर्व्हरसाठी करावा लागतो. ज्या जुन्या प्रोग्रॅमला हे जमत नाही, त्याच्यासाठी गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डानंतर आणखी एकदा खात्री) चालू करून त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घेता येतो.

मात्र सेटिंगला हात लावण्यापूर्वी तेच खाते ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. तिथेही नवे मेल नसतील, तर जागा संपलेली असू शकते, कारण गूगलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. ब्राउझरमध्ये सारे ठीक असेल, तर दोष प्रोग्रॅमच्या जोडणीत शोधावा. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर येणाऱ्या मेलच्या सेटिंगला मुळीच हात लावू नये. मेल पाठवण्याचा मार्ग वेगळा असतो. तिथे पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) २५ असेल तर ५८७ किंवा ४६५ करावा, कारण घरगुती जोडणीवर पोर्ट २५ अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात.

जुन्या डेस्कटॉपवर सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) अवैध असल्याचा संदेश आला, तर आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला, की वीज गेल्यानंतर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सर्व्हरचे सर्टिफिकेट त्या तारखेला वैधच ठरत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलून, तारीख नीट केली की काम भागते. (हे न पाहता नवा संगणक सुचवणारेही आहेत.)

आणि दुकानात संगणक द्यावाच लागला, तर देण्यापूर्वी प्रोग्रॅम बंद करून मेल ज्यात साठतात ते थंडरबर्डचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर किंवा आउटलुकची पीएसटी फाइल स्वतः पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, आणि पडद्यावर आलेल्या एररचा फोटो सोबत न्यावा.