नव्या गाडीचा टिकाऊपणा जुन्या इंजिनावरून जोखावा

पहिल्या वर्षातील तक्रारी कमी म्हणजे गाडी टिकाऊ, हा नव्या गाड्यांविषयीच्या तुमच्या लेखातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. क्लच, टर्बो आणि सस्पेन्शन यांचे खरे रूप बहुधा हमीचा काळ सरत आल्यावरच दिसते. मॉडेल नवे असले तरी इंजिन व गिअरबॉक्स पुष्कळदा त्याच कंपनीच्या जुन्या गाडीतून आलेले असतात, म्हणून बेळगाव-खानापूर भागातून चोर्ला घाट उतरून गोव्याला भाडी मारणाऱ्या तशा गाड्यांच्या चालकांना आणि त्या उघडणाऱ्या मेस्त्रींना आधी विचारावे. भारत एनकॅप या गाड्यांच्या सरकारी धडक-चाचणीत मिळणारे तारे अपघातातील सुरक्षितता सांगतात, टिकाऊपणा नव्हे (शोरूममध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते). गिअरबॉक्सच नवा असेल, तर तो वाढीव हमीत येतो का, हे कागदावर वाचल्याखेरीज मी तरी आगाऊ रक्कम भरणार नाही.