फेकू नये, हिवाळा चालू आहे

"ख्रिसमसचं झाड विकत कशाला आणायचं? आपण बीपासूनच वाढवू," असं मी जाहीर केलं ती तारीख होती २२ डिसेंबर. माझा या विषयातला अभ्यास किती दांडगा होता, ते यावरून लक्षात यावं.

शंकू, म्हणजे या झाडांचं बिया असलेलं खवलेदार बोंड, आयताच सापडला. एका उंच झाडाखाली पडलेला, जवळजवळ वीतभर लांब. मला खरं तर फर नावाचं ख्रिसमसचं झाड हवं होतं. पण फरचे शंकू फांदीवर ताठ उभे राहतात आणि पिकले की झाडावरच खवलाखवला होऊन विखुरतात. स्प्रूस या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाचे खाली लोंबतात आणि अख्खेच्या अख्खे पडतात. म्हणजे जे हाती लागलं ते स्प्रूस होतं. आपल्याकडे निवड अशीच होते.

उबेत दोन दिवस ठेवल्यावर शंकू उघडला. एकेका खवल्याखाली दोन-दोन बिया, मोहरीपेक्षा जरा मोठ्या, आणि प्रत्येकीला पातळ पापुद्र्यासारखा पंख. हे पंख चोळून काढायचे असतात. ते काम डोक्यावर पंखा गरगरत असताना करायचं नसतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. निम्म्या बिया अजून सोफ्याखाली असाव्यात.

उरलेल्या २४ तास पाण्यात भिजवल्या. बुडतात त्या भरीव, वर राहतात त्या बहुधा पोकळ. ऑफिसात इतकी वर्षं काढल्यामुळे हा नियम मला नवा नव्हता.

मग फ्रिज. या बिया ओलसर वाळूत घालून ३ ते ६ आठवडे गारठ्यात ठेवल्या की बऱ्याचशा एकाच सुमारास उगवतात. त्यांना वाटतं, हिवाळा येऊन गेला, आता उठायला हरकत नाही. थोडक्यात, झाडाशी आपलं नातं फसवणुकीनं सुरू होतं.

"फ्रिजमध्ये वाळू कोणी ठेवली?" बायकोचा आवाज आला.

"बियांना हिवाळा वाटावा म्हणून."

ती काही बोलली नाही. फ्रिजचं दार मात्र जरा जोरात लागलं. मी पिशवीवर चिठ्ठी चिकटवली: 'फेकू नये, हिवाळा चालू आहे.'

पेरल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिला कोंब आला. दिसायला काडेपेटीतली काडी, आणि डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. टोपीखाली सात-आठ हिरव्या सुया दाटीवाटीनं वाट बघत होत्या. मला ते बघवेना. मी चिमटीनं हलकेच टोपी ओढली. टोपीबरोबर डोकंही आलं.

बाकीच्या टोप्या त्यांच्या त्या पडल्या. एकूण ११ रोपं उभी राहिली आणि मी मायेनं सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. पाचव्या दिवशी एक रोप मातीलगत सुतासारखं बारीक होऊन आडवं पडलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. जास्त ओलाव्यानं बुरशी धरते आणि कोवळी रोपं अशी कोलमडतात; यालाच मर म्हणतात. मी पाणी कमी केलं. तेव्हा दोन वाळून गेली. मध्ये कुठेतरी प्रमाण होतं, पण ते सापडेपर्यंत कुंडीत एकच रोप उरलं.

ते आता तीन वर्षांचं आहे. उंची टूथब्रशएवढी. मी ती टूथब्रश शेजारी धरूनच मोजतो. सहा फुटी झाड व्हायला साधारण ८ ते १० वर्षं लागतात, हे मी मुलीला टप्प्याटप्प्यानं सांगितलं. तिनं बोटं मोजली. "म्हणजे मी कॉलेजात असेन," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून आत गेली.

शेवटी यंदा प्लॅस्टिकचं झाड आणलं. छत्रीसारखं उघडतं, दहा मिनिटांत पूर्ण वाढतं. मला फार अपमान वाटला. मी गुपचूप माझी कुंडी आणून त्याच्या पायाशी ठेवली. मोठेपणी काय व्हायचंय, ते त्याला रोज दिसलेलं बरं.

मुलीनं दोन्ही झाडांकडे पाहिलं.

"बाबा, त्याला प्लॅस्टिकचं व्हायचंय?"