गिटार घ्यायची तर भिंतीकडे तोंड करून घ्या

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

दुपारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला, थेट दुकानातून. पोरगी पहिल्या पगारातून गिटार घेतेय, स्वतःच्या पैशाने, त्यामुळे मी आधीच खूश. मागणी अगदी साधी. ती खालच्या पट्टीत गाते, हळू गाते. पिक घेऊन तारा झोडपत नाही, बोटांनी वाजवते. तिला गोल, उबदार आवाजाची अकूस्टिक हवीय. बजेट मध्यम. म्हणजे शिकाऊ खोक्यापेक्षा बरं काहीतरी, पण घरी किंमत सांगताना घसा कोरडा पडेल इतकंही नाही.

आणि मागून विक्रेत्याचा आवाज: "मॅडम, वॉर्म पाहिजे ना? मग मोठी बॉडी घ्या. ही बघा, कटअवे आहे, पिकअप आहे, ट्यूनर इनबिल्ट, फुल ग्लॉस." (कटअवे म्हणजे मानेपाशी, म्हणजे नेकपाशी, बॉडीला दिलेली खाच. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून अँपला, म्हणजे स्पीकरला, पोचवणारा भाग.) भाची कॅमेरा फिरवते आणि मला विचारते, "मावशी, कशी दिसते?"

कशी दिसते!

मी म्हटलं, अगं, वाजवून दाखव ना. तर म्हणे सुरात नाहीये, ते म्हणाले घरी नेल्यावर लावून घ्या. आता मला कुणीतरी सांगा, बेसूर गिटारीचा आवाज पसंत कसा करतात? चप्पल घेतानासुद्धा आपण चार पावलं चालून बघतो. मी तिला तिथून बाहेर काढलं. विक्रेत्याचं काय, त्याला माल हलवायचा असतो, त्याची नोकरी आहे, मान्य. पण जी वस्तू ऐकायची आहे ती ऐकवायचीच नाही, हे मला पटणं शक्य नाही, आणि तुम्हालाही पटणार नाही हे मला माहीत आहे.

माझी गिटार घेतली तेव्हा गिटार शिकवणारे माझे सर सोबत आले होते. मला आवडलेली एक काळी, चकचकीत गिटार मी हातात धरूनच बसले होते. सरांनी ती काढून घेतली आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. अक्षरशः. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघतायत, मी लाजेने लाल. मागे सर एकेक गिटार उचलायचे, सुरात लावायचे आणि प्रत्येकीवर तोच ई मायनर कॉर्ड, तोच संथ ठेका, तीच बोटं. मला फक्त तीन शब्दांची परवानगी होती: हो, नाही, परत. वळून बघायचं नाही. ज्या गिटारीला मी सारखं "परत, परत" म्हणत होते ती निघाली लहान बॉडीची, मॅट, तपकिरी, खालच्या कडेला चरा गेलेली. दुकानदाराने ती मला दाखवलीसुद्धा नव्हती. आणि काळी? तिला मी ताडकन "नाही" म्हणून मोकळी झाले होते.

त्यामुळे "मोठी बॉडी म्हणजे वॉर्म" हे वाक्य ऐकलं की माझी कानशिलं तापतात. मोठ्या बॉडीत खर्ज जास्त असतो, हे खरं. पण खर्ज दणदणणं वेगळं आणि आवाज उबदार असणं वेगळं. उबदार आवाजात मधले सूर भरलेले असतात, वरच्या तारेला टोचरी धार नसते, तार छेडल्यावर पहिला 'टण्' कमी आणि मागे रेंगाळणारी आस जास्त. त्या मोठ्या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात, आणि हे नाव आलं 1906 सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने 1916 मध्ये डिटसन या कंपनीसाठी तो आकार घडवला तो आवाज मोठा निघावा, गाणाऱ्याच्या मागे दणक्यात वाजावा म्हणून. युद्धनौकेकडून कुजबुजीची अपेक्षा कशाला करायची? दहाजणांच्या घोळक्यात उभं राहून स्ट्रम करायचं (सगळ्या तारा एकदम छेडायच्या) असेल तर ड्रेडनॉटच घ्या, तिथे माझी लहानखुरी गिटार ऐकूही येत नाही. पण एकटीने बोटांनी वाजवणाऱ्या मुलीला ती कशासाठी विकायची?

मग येतात लाकूडवाले. बॉडी रोझवुडची की महोगनीची, यावर मध्यरात्रीपर्यंत भांडणारे लोक माझ्या मित्रयादीत आहेत. टॅग करत नाही, तुम्ही स्वतःला ओळखता. अहो, स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने 1862 मध्येच मागची बाजू आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली होती, वरची पाटी तेवढी लाकडाची. हे दाखवायला, की खरं काम टॉप, म्हणजे ही वरची पाटी, करतो. लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी 2018 मध्ये एक अभ्यास छापला. एकसारख्या घडणीच्या सहा गिटारी, टॉप सगळ्यांचा सिटका स्प्रूस या लाकडाचा, मागची आणि कडेची लाकडं मात्र स्वस्तापासून महागापर्यंत वेगवेगळी. 52 वादकांना अंधारात, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. आवाजाच्या पसंतीत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. सरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं तेव्हा हा अभ्यास छापून आला नव्हता. सरांना गॉगलची गरजही पडली नाही.

रोझवुडला वर-खाली जास्त चमक असते म्हणतात. असेल बुवा. पण मध्यम बजेटच्या गिटारीवर जे 'रोझवुड' लिहिलेलं असतं तो बहुतेक वेळा प्लायवर, म्हणजे प्लायवुडवर, चिकटवलेला पातळ पापुद्रा असतो, त्यावरून मैत्री कशाला तोडता?

पैसे टॉपमध्ये घाला. सॉलिड टॉप, म्हणजे वरची पाटी अखंड लाकडाची. माहितीत नुसतं 'स्प्रूस टॉप' लिहिलं असेल तर संशय घ्या, कारण सॉलिड असता तर कंपनीने ओरडून सांगितलं असतं. साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या गोल भोकाच्या, कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. लाकडाच्या वरच्या रेघा त्या कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. एकावर एक थर दिसले, मधला वेगळ्याच रंगाचा, की समजायचं प्लाय. प्लाय वाईट नाही, दमट हवा आणि आदळआपट सोसते, प्रवासाला घ्यायची तर खुशाल घ्या. पण वर्षानुवर्षं वाजवून खुलत जाणारा आवाज तिच्याकडून मागू नका.

आता भाचीसाठी म्हणून लिहिते, बाकीच्यांनी हवं तर घ्या. सीडरचा टॉप हलक्या बोटांना लगेच उत्तर देतो, आवाज पहिल्या दिवसापासून मऊ. तोटा असा की लाकूड नरम, नखाचासुद्धा ओरखडा बसतो, आणि जोरात झोडपलं की सूर एकमेकांत गिचमीड होतात. महोगनीचा टॉप कोरडा, लाकडी, थोडा लाजरा, प्रत्येक सूर सुटा आणि मधोमध भरीव. गाणाऱ्याच्या आवाजात तो लुडबुड करत नाही, म्हणून माझं मत त्याला. स्प्रूस जास्त उजळ आणि जास्त दम असलेला. पण याच बजेटमध्ये सगळ्यात जास्त तोच मिळतो, म्हणून स्प्रूस दिसला की नाक मुरडायचं कारण नाही. बॉडी लहान असली आणि तारा बऱ्या असल्या तर स्प्रूससुद्धा पुरेसा मवाळ होतो. माझी "परत, परत"वाली स्प्रूसचीच आहे.

तारेची लांबी कुणी विचारतच नाही. नटपासून सॅडलपर्यंतचं, म्हणजे तारेच्या वरच्या टेकूपासून खालच्या टेकूपर्यंतचं, अंतर कमी असेल तर त्याच सुराला, त्याच जाडीच्या तारेला ताण कमी लागतो. बोटांना बरं आणि आवाजही जरा सैल, गोल येतो. यामाहाची एफजी 800 आणि एफएस 800 बघा. दोन्हींना सॉलिड स्प्रूस टॉप, पण एफजी मोठ्या बॉडीची आणि 650 मिलिमीटर लांबीची, तर एफएस लहान बॉडीची आणि 634 मिलिमीटरची. तेवढ्या 16 मिलिमीटरनी ताण साधारण 5 टक्के उतरतो. ही जाहिरात नाही, मला कुणी पैसे देत नाही. फरक हाताला कळावा म्हणून सांगतेय. दोन्ही मांडीवर घेऊन बघा.

आणि तो पिकअप! आज मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. स्टेजवर वाजवणार असाल तर पिकअप लागतो, वाद नाही. पण भाची वाजवणार तिच्या खोलीत. त्याच किमतीत कडेला भोक पाडून बॅटरीचा डबा बसवायचा म्हणजे तेवढे पैसे लाकडातून काढून घ्यायचे. बरं, स्वस्तातले सॅडलखालचे पिकअप अँपमधून निघतात कसे? किरटे, प्लॅस्टिकचे. उबदार आवाजासाठी आलेल्या गिऱ्हाइकाला नेमकी तीच वस्तू पुढे करायची. आणि ट्यूनर इनबिल्ट म्हणे. ट्यूनर फोनवर फुकट मिळतो!

असो. चहा घेऊन आले, आता जरा शांत लिहिते.

सरांची आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. भिंतीकडे तोंड करून माझी निवड झाल्यावर त्यांनी लगेच पैसे द्यायला सांगितलं नाही. गिटार उलटी धरून नेकच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघितलं, मान वाकलीय का. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) वाजवली, कुठे झणझणते का. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली फूटपट्टी धरली. मला तेव्हा वाटलं, किती वेळकाढूपणा! पण तंबोऱ्याची जवारी लागलेली नसेल तर भोपळा केवढा का असेना, तो बोलत नाही. गिटारीचंही तेच. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार साधारण 2.5 मिलिमीटर आणि बारीक तार 2 मिलिमीटरच्या आसपास उंच असली की हात सैल राहतो, आणि हात सैल राहिला की आवाजातला कडकपणा निम्मा तिथेच जातो. म्हणून बजेटमधले थोडे पैसे चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्यायला बाजूला ठेवा. प्लॅस्टिकचं सॅडल काढून हाडाचं बसवायचं का, हे त्यालाच ठरवू द्या. काही जणांना त्यात फार फरक ऐकू येतो. मला थोडा येतो.

तारांवर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. बऱ्याच नव्या गिटारींवर 80/20 ब्राँझच्या (तांबं आणि जस्त) तारा असतात, खणखणीत, काचेरी. फॉस्फर ब्राँझ लावा. डॅडारिओ या तारांच्या कंपनीने 1974 मध्ये त्या आणल्या, तेव्हापासून उबदार आवाज शोधणारे त्यांच्याकडेच वळतात. त्याहून मऊ हवं तर सिल्क अँड स्टील, पण मग आवाज लहान होतो, तक्रार करायची नाही. आणि नव्या तारा पहिले काही दिवस सगळ्याच चमकतात. दुकानातल्या गिटारीवर कधीच्या तारा आहेत ते विचारा. जुन्या, गंजक्या तारांचा बसका आवाज 'वॉर्म' म्हणून खपवतात, मी स्वतः ऐकलंय.

आणि हाताचं काय? सरांनी त्या दिवशी सगळं बघून झाल्यावर मला वळायला सांगितलं आणि ती तपकिरी गिटार माझ्या हातात दिली. "आता तू वाजव," म्हणाले, "घरी मी येणार नाहीये." मी ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीला अडकवतात तिथे, हात ठेवून वाजवलं, आवाज खरखरीत आला. त्यांनी नुसतं माझं मनगट धरून साउंडहोलच्या पुढे, नेकच्या बाजूला सरकवलं. नखं बाजूला, बोटाचं मांस तारेवर. तीच गिटार, तेच दुकान, आणि तो आवाज मी भिंतीकडे तोंड करून ऐकला होता त्याहून गोल. हा बदल फुकट आहे आणि तो कुठल्याही विक्रेत्याच्या यादीत नसतो.

सर आता नाहीत. असते तर आज भाचीलाही त्यांनी उभं केलं असतं. आता मी करणार आहे. ती म्हणते, "मावशी, लोक बघतील." बघू देत.

तर मुद्द्याची गोष्ट. मध्यम बजेटमध्ये खरा जीव वापरलेल्या गिटारीत आहे. नवीन घेताना जिथे प्लाय पदरात पडतो तिथे जुनीत सॉलिड टॉप बसून जातो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे उत्साहात घेतलेली आणि आता माळ्यावर पडलेली गिटार आहे, मला माहितीय. लहान बॉडी, सॉलिड टॉप असेल आणि द्यायची असेल तर मेसेज करा. समोरून काढलेला चकचकीत फोटो नको. साउंडहोलच्या कडेचा जवळून एक, बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फूटपट्टी दिसेल असा एक, आणि ब्रिजच्या मागे टॉप फुगलाय का ते दिसेल असा बाजूने एक. जमलं तर ई मायनरचं छोटं रेकॉर्डिंगही. सुरात लावून, प्लीज.