ग्रामपंचायत सदस्य व्हायला गावच्या मतदार यादीत नाव हवं, राज्यसभेला कुठलाही पत्ता चालतो

आमचा चुलतभाऊ गेल्या ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. घर, शेत, आई-वडील सगळं गावात. पॅनल ठरलेलं, शौचालयाचा दाखलासुद्धा काढून ठेवलेला. अर्ज भरून देणाऱ्या पोराने विचारलं, "दादा, यादीतला अनुक्रमांक सांगा." तेव्हा साहेबांना आठवलं, नोकरीसाठी पिंपरीत असताना नाव तिकडे हलवलं होतं. संपलं. मग वहिनी उभी राहिली. (निवडून आली, पण ते घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.)

नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढची पायरी बघा. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की झालं. लोकसभेला, थोडे अपवाद सोडले तर, देशात कुठेही. आणि राज्यसभेला? 2003 पर्यंत त्या राज्याचा मतदार असणं सक्तीचं होतं, मग कायदा बदलून तेही काढलं. नावात राज्य आणि राज्याचा संबंध ऐच्छिक!

बाहेरच्या उमेदवाराला माझा सरसकट विरोध नाही. 1946 साली बाबासाहेब संविधान सभेत गेले ते बंगालमधून. पुण्याचे मधु लिमये बिहारमध्ये मुंगेर आणि बांक्यातून निवडून आले. नरसिंह राव आमच्या रामटेकचे खासदार होते. पण लोकसभेला लोक स्वतः मत देतात. पार्सल आवडलं नाही तर परत पाठवता येतं. राज्यसभेला आमदार मत देतात आणि तेही पक्षाच्या माणसाला दाखवून. तिथे आपल्या हातात राहतं काय?

म्हणून तर राजापूरचे माजी खासदार सुरेश प्रभू 2014 मध्ये हरियाणाचे आणि 2016 मध्ये आंध्रचे प्रतिनिधी होतात, तामिळनाडूचे चिदंबरम 2016 मध्ये आणि उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी 2022 मध्ये महाराष्ट्राचे. माणसं हुशार असतील, पण वैजापूरच्या पाण्याचा प्रश्न यांच्याकडे कुणी नेला असेल का?

जुनी अटही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हे कबूल. मनमोहन सिंग 1991 मध्ये आसाममधून गेले तेव्हा पत्ता गुवाहाटीतला, मुख्यमंत्री हितेश्वर सैकियांच्या घरातले भाडेकरू म्हणून. सगळ्यांना माहीत होतं. अशी कागदी घरं नकोत म्हणून अट काढली, असं सांगितलं जातं. पत्रकार कुलदीप नय्यर कोर्टात गेले, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला. म्हणजे लोक कुंपणावरून उड्या मारतात म्हणून कुंपणच काढलं.

नागरिकत्वाची अट तरी कडक आहे म्हणावं, तर तीही प्रतिज्ञापत्रावरच चालते. तेलंगणातल्या वेमुलवाड्याचे रमेश चेन्नमनेनी 2009 पासून 2023 पर्यंत आमदार होते. ते जर्मन नागरिक असल्याचा निकाल हायकोर्टाने दिला, 30 लाखांचा दंडही केला, पण कधी? डिसेंबर 2024 मध्ये. तोवर आमदारकी भोगून झाली होती.

माझं म्हणणं एवढंच. राज्यसभेला त्या राज्याच्या यादीत सलग तीन वर्षं नाव, ही अट आणा आणि अर्ज आला की पत्ता तपासा. यंत्रणा आहेच. भावाने नाव परत गावात आणलं तेव्हा बीएलओ (मतदार यादीचं काम बघणाऱ्या) बाई भर दुपारी आल्या, ओट्यावर बसून पाणी प्यायल्या आणि शेजारच्या आजीला विचारलं, "हे इथंच राहतात का हो?" आजी म्हणाली, "राहतो की, रात्रभर घोरतो."