शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं बंद करा!

आज आयईएलटीएससाठी, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी, माझ्याकडे शिकायला एक नवी मुलगी आली. आधी एका मोठ्या क्लासला जायची. तिथली वही दाखवली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, पानंच्या पानं. रोज पन्नास पाठ करायचे, नाही झाले तर दंड. डोकंच फिरलं माझं.

माझ्याकडे सोलापूरकडची एक नर्स यायची. तिनंही अशीच यादी घोकलेली. निबंधात लिहायची, 'गव्हर्नमेंट शुड डू स्टेप्स', 'प्लेथोरा ऑफ पोल्युशन'. स्पेलिंग बरोबर, अर्थही पाठ, पण असं इंग्रजी कुणी लिहीत नाही. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये नऊपैकी साडेसहा बँड, म्हणजे गुण, लागतात; ऐकणं, वाचणं, बोलणं या बाकी तिन्हींत सात. ही रायटिंगला सहावर अडकलेली. दर वेळी सतरा-अठरा हजार फी, तीही नाइट ड्युट्या करून साठवलेली. कुणाला काही वाटतं का याचं?

परीक्षक काय बघतो हे लपवलेलं नाही. रायटिंगचे पाव मार्क शब्दसंपत्तीचे, आणि सात बँडच्या निकषात कॉलोकेशन हा शब्द चक्क छापलाय. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो, ते. आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, दांडी मारतो. 'मारणे'चा अर्थ पाठ करून हे कोण शिकलंय? घरात अख्खं ऐकलं, अख्खंच उचललं.

त्या नर्सला एकदा विचारलं, वॉर्डात रात्री नोट्स काय लिहितेस गं? धडाधड म्हणाली, 'पेशंट कम्प्लेन्ड ऑफ सिव्हिअर पेन', 'ॲडव्हाइज्ड बेड रेस्ट'. एक चूक नाही! सीनियर सिस्टरच्या नोट्स बघून अख्खे तुकडे उचललेले. मग तिथूनच सुरुवात केली. पेनच्या आधी काय येतं? सिव्हिअर, शार्प, क्रॉनिक. पेनचं काय करतात? रिलीव्ह, ईझ. तसंच प्रॉब्लेमचं: फेस, कॉज, टॅकल. स्टेप्स आणि मेझर्स, दोन्हींबरोबर टेक. प्रत्येक जोडीचं वाक्य तिच्याच वॉर्डातलं, तिच्याच घरातलं. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं क्रियापद गाळून द्यायची.

हो, बँकेच्या आणि एमपीएससीच्या पेपरात समानार्थी-विरुद्धार्थी येतात, तिथं यादी कामी येते, मान्य. पण क्लोझ टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरताना, अर्थानं जवळ असलेले दोन पर्याय समोर आले की जोडीच वाचवते.

शिक्षकांचंही कळतं मला. बॅचला साठ पोरं असली की यादी पटकन तपासून होते, वाक्यं तपासायला रात्र जाते. कित्येकांना स्वतःलाच असंच शिकवलंय. त्यांच्यावर नाही हो राग. पण क्लासचे मालक फी घेताना हात आखडत नाहीत, मग वाक्यं तपासायला आणखी दोन माणसं का ठेवत नाहीत? त्या नर्सनं आधी भरलेल्या फीचं काय झालं? त्यात तिच्या धाकट्या भावाचं वर्षाचं कॉलेज झालं असतं.

ज्यांची पोरं क्लासला जातात त्यांनी आज वही उघडून बघा. एकही पूर्ण वाक्य नसेल तर उद्या जाऊन विचारा, फी कशाची घेता म्हणून. आणि आयईएलटीएसच्या नेहमीच्या विषयांवरच्या जोड्या मी वाक्यांसकट लिहून ठेवल्यात. इनबॉक्समध्ये या, पाठवते. पैसे नकोत.